२६० घनमीटर पाणी आणि ४२ सेन्सरचं कोटेशन: सुरुवात कुठून करायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. चाकणमध्ये वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना, तीन शिफ्ट मिळून ११०० माणसं. रोज सुमारे २६० घनमीटर पाणी येतं. त्यातलं १९० एमआयडीसीचं, उरलेलं दोन बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. दोन कूलिंग टॉवर मिळून ताशी ३०० घनमीटर पाणी फिरतं, रोज २० तास, आणि तापमानातला फरक ५ अंशांचा. पेंट शॉपच्या आरओतून १६ तास ताशी ४ घनमीटर शुद्ध पाणी निघतं, रिकव्हरी (आत दिलेल्या पाण्यापैकी शुद्ध होऊन निघणारा भाग) ६५ टक्के. ईटीपी (कारखान्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा) ६० केएलडीचा, म्हणजे रोज ६० हजार लिटरचा, आणि एसटीपी (माणसांच्या वापरातल्या सांडपाण्यासाठीचा) ८० केएलडीचा. पुरवठादाराने ४२ सेन्सर, क्लाउड डॅशबोर्ड आणि ‘एआय’ असं कोटेशन दिलंय, आणि व्यवस्थापनाला वर्षभरात पाण्याचा वापर २५ टक्के कमी करून हवाय. हे घ्यावं का आणि या क्षेत्रात टिकणारं तंत्रज्ञान कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

कोटेशन आहे तसं घेऊ नका. पण तंत्रज्ञानाकडे पाठही फिरवू नका. सेन्सर कोणते घ्यावेत याच्या आधी तुमचा प्रश्न हा आहे की २६० घनमीटर आत येतात, त्यातले किती कुठे जातात हे आज कुणालाच ठाऊक नाही. हा हिशेब जुळल्याशिवाय लावलेला प्रत्येक सेन्सर सुटा आकडा दाखवत राहतो. माझी कसोटी साधी आहे: हा आकडा बदलला तर कोण, काय आणि किती वेळात करणार? उत्तरात माणसाचं पद आणि वाल्व्हचं नाव येत नसेल तर तो सेन्सर यादीतून काढायचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही आधीच मान्य करतो. तुमच्या बोअरच्या पाण्यात सिलिका (खडकातून विरघळून येणारं खनिज) किती, पाइपलाइन किती जुनी, आरओचा रिजेक्ट (मागे उरणारं क्षारांचं पाणी) आज कुठे सोडता, इमारतीत फ्लशची लाइन पिण्याच्या पाण्यापासून वेगळी आहे का, यावर पुढचे आकडे बरेच हलतील. त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचा विचार नीट पाहा.

कागदावरचा हिशेब आज, एकही मीटर न घेता करता येतो. माणसांसाठी कारखान्यात माणशी ४५ लिटर धरायचे, म्हणजे ११०० जणांचे सुमारे ५० घनमीटर. कूलिंग टॉवरमधून उडणारी वाफ म्हणजे फिरणारं पाणी गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.००१५३. तुमच्याकडे ३०० × ५ × ०.००१५३, म्हणजे ताशी २.३ घनमीटर, २० तासांचे ४६. सायकल ३ ठेवत असाल, म्हणजे टॉवरमधले क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ देत असाल, तर ब्लोडाऊन (क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) वाफेच्या निम्मा, म्हणजे २३. टॉवरचा मेकअप (घट भरून काढायचं पाणी) झाला ६९. आरओतून ६४ घनमीटर शुद्ध पाणी काढायला ६५ टक्के रिकव्हरीवर ९८ घनमीटर आत द्यावे लागतात. ३४ रिजेक्टमध्ये जातात. बेरीज ५० + ६९ + ९८, म्हणजे २१७. आवक २६०. उरलेल्या ४३ घनमीटरचा पत्ता नाही. बाग, फरशी धुणं, टाक्यांचा ओव्हरफ्लो, गळती, की मुळात आवकेचा मीटरच जास्त दाखवतोय? तुमच्या पुढच्या तीन महिन्यांचं काम या ४३ मध्ये आहे.

एसटीपीकडूनही हा हिशेब उलटा तपासता येतो. ५० घनमीटर वापरले तर साधारण ८५ टक्के, म्हणजे ४२ च्या आसपास सांडपाणी यायला हवं. एसटीपीत रोज ६० येत असतील तर कुठेतरी फ्लशचे वाल्व्ह रात्रंदिवस गळताहेत किंवा टॉवरचा ब्लोडाऊन चुकून ड्रेनेजला जोडलेला आहे. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा खरी निघते, आणि ब्लोडाऊनमधल्या बायोसाइडमुळे एसटीपीतले जिवाणू मरतात ते वेगळंच.

आता गळती. २४ तास पाणी देणाऱ्या शहरांत रात्री दोन ते चारमधला किमान प्रवाह मोजून गळती पकडतात, हे पुरवठादार तुम्हालाही सांगेल. पण तुमच्याकडे तिसरी शिफ्ट चालू असते आणि रात्री टाक्या भरतात, त्यामुळे त्या प्रवाहातून काहीच कळत नाही. तुमच्यासाठी योग्य वेळ म्हणजे साप्ताहिक सुट्टी. आपल्या पट्ट्यात ती बहुधा गुरुवारी असते आणि बऱ्याचदा त्याच दिवशी दुरुस्तीसाठी एमआयडीसीचं पाणीही बंद असतं. आवक बंद, वापर बंद, अशी प्रयोगशाळेसारखी परिस्थिती आयती मिळते. भूमिगत टाकीचे इनलेट आणि आउटलेट दोन्ही वाल्व्ह बंद करा, पातळीवर खूण करा, चार तासांनी पुन्हा मोजा. टाकी ८ × ६ मीटरची असेल तर एक सेंटीमीटरचा फरक ४८० लिटरचा. पातळी उतरली तर टाकी गळतेय. मग आउटलेट उघडा आणि सगळ्या विभागांचे शेवटचे वाल्व्ह बंद ठेवून पुन्हा चार तास थांबा. आता उतरली तर लाइन गळतेय. एकेक फाटा उघडत गेलात की कोणता ते संध्याकाळपर्यंत कळतं. वाल्व्ह पूर्ण बंद होतात का हे मात्र आधी पाहा. जुने स्लूस वाल्व्ह गाळामुळे शेवटच्या दोन आट्यांवर अडकतात आणि सगळी चाचणी फसते.

फायर हायड्रंटची लाइन विसरू नका. ती कायम दाबाखाली असते, जमिनीखाली असते आणि तिच्या पाण्याचं बिल कुणाच्याच विभागात येत नाही. ५ किलो दाबाला ६ मिलिमीटरच्या एका भोकातून ताशी सुमारे १.९ घनमीटर, म्हणजे दिवसाला ४५ घनमीटर पाणी जाऊ शकतं. तुमचे हरवलेले ४३ कदाचित एकाच ठिकाणी असतील! यासाठी महागडा ध्वनी-सेन्सर नको. जॉकी पंपाच्या (लाइनचा दाब टिकवणाऱ्या छोट्या पंपाच्या) स्टार्टरवर एक काउंटर बसवा. लाइन घट्ट असेल तर जॉकी पंप दिवसात मोजक्या वेळा चालू होतो. तासाला चार-पाचदा चालू होत असेल तर गळती आहेच. जमिनीखालची जागा शोधायला मग ध्वनीवरून गळती शोधणारी टीम एका दिवसासाठी बोलवा. लाइन लोखंडी असेल तर कोरिलेटर (दोन ठिकाणी आवाज ऐकून गळतीची जागा काढणारं यंत्र) छान चालतो. एचडीपीई किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकची असेल तर आवाज लवकर विरतो, तिथे फाटे तोडून दाबाची चाचणी घेणंच खात्रीचं.

एवढं झाल्यावर मीटर. ४२ च्या जागी मी १२ घेईन: एमआयडीसीची आवक, दोन बोअर, टँकर रिकामा करायची लाइन, कूलिंग टॉवरचा मेकअप, आरओची फीड (आत जाणारं पाणी), आरओचं शुद्ध पाणी, माणसांच्या वापराची लाइन, फायर टाकीची भरण लाइन, ईटीपी आउटलेट, एसटीपी आउटलेट आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या पुनर्वापराची लाइन. पाण्याची मालकी बदलते किंवा त्याचा दर्जा बदलतो अशा जागा या. उरलेले ३० मीटर प्रत्येक शॉपच्या फाट्यांवरचे आहेत. ते पहिल्या वर्षी नकोत. १२ मीटरांचा हिशेब पाच टक्क्यांच्या आत जुळला की कुठे खोलात जायचं ते आपोआप दिसतं.

चुका सगळ्यात जास्त बसवण्यात होतात, मीटरच्या दर्जात नाही, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. स्वच्छ पाण्याच्या भरलेल्या लाइनला इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर (चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या पाण्यात तयार होणारी वीज इलेक्ट्रोडने मोजणारा) उत्तम. त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर तीनपट सरळ लांबी हवी. पंपाच्या किंवा अर्धवट उघड्या वाल्व्हच्या लगेच पुढे बसवलात तर घुमणाऱ्या पाण्यामुळे तो काहीही दाखवेल. पाइप कायम पूर्ण भरलेला राहिला पाहिजे. उभ्या पाइपात, खालून वर जाणाऱ्या प्रवाहात बसवणं सगळ्यात चांगलं. आडव्या पाइपात बसवलात तर इलेक्ट्रोड डाव्या-उजव्या बाजूला हवेत, वर-खाली नाही. वरच्याला हवा चिकटते, खालच्यावर गाळ बसतो. पाइप प्लॅस्टिकचा किंवा आतून लेप दिलेला असेल तर अर्थिंग रिंग (पाण्याला अर्थिंग देणारी धातूची कडी) लागतेच. कोटेशनमध्ये ती बहुधा नसते, आणि मग वेल्डिंग मशीन सुरू झालं की आकडे नाचायला लागतात. डीएम (क्षार जवळपास पूर्ण काढलेल्या) पाण्याला हा मीटर चालत नाही, कारण त्याला साधारण ५ मायक्रोसीमेन्सच्या वर वाहकता लागते. वाहकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्याचं माप; क्षार जास्त तितकी ती जास्त. आरओचं पाणी सहसा त्याहून वर असतं, पण मिक्स्ड बेडनंतरच्या (उरलेसुरले क्षार काढणाऱ्या टाकीनंतरच्या) लाइनला दुसरा प्रकार घ्या.

आकाराची चूक तर सर्रास होते. लाइन १०० मिलिमीटरची आहे म्हणून मीटरही १०० चा घेतात. तुमच्या माणसांच्या वापराच्या लाइनला दिवसभरात ५० घनमीटर, म्हणजे सरासरी ताशी दोनच घनमीटर जातात. १०० च्या पाइपात त्यांचा वेग सेकंदाला ७ सेंटीमीटर होतो. एवढ्या कमी वेगाला मीटरची अचूकता घसरते आणि गळणाऱ्या फ्लशचा बारीक प्रवाह तर दिसतच नाही. तिथे रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) टाकून ४० चा मीटर बसवला की वेग अर्ध्या मीटरच्या जवळ येतो. एमआयडीसीच्या लाइनला ताशी १९ घनमीटर येत असतील तर ८० चा मीटर बरोबर बसतो, वेग एक मीटर.

पाइपला बाहेरून चिमटा लावून बसवायचे अल्ट्रासॉनिक मीटर तपासणीसाठी फार उपयोगी आहेत. एक भाड्याने घ्या आणि आठवडाभर सगळीकडे फिरवा. कायमचे मात्र लावू नका. पाइपच्या भिंतीची जाडी अंदाजाने भरली तर चूक थेट आकड्यात जाते. जुन्या बिडाच्या पाइपात आत पापुद्रा धरलेला असतो आणि वर लावलेली जेल उन्हाळ्यात वाळते.

ईटीपीच्या आउटलेटला गुरुत्वाने वाहणारं, अर्धं भरलेलं पाणी असतं. तिथे व्ही-नॉच (इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पट्टी; खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढतात) आणि वर पातळी मोजणारा सेन्सर लावतात. तुमचा प्रवाह ताशी २.७५ घनमीटरच्या आसपास असेल, तर ९० अंशांच्या नॉचवर पाण्याची उंची जेमतेम ५ सेंटीमीटर राहील. प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातानुसार बदलतो, त्यामुळे ५ मिलिमीटर चुकलं की प्रवाह २७ टक्क्यांनी चुकतो. नॉचच्या धारेवर शेवाळ धरलं तरी तेवढी चूक होते. शक्य असेल तर ईटीपीचं पाणी पंपाने पुढे जातं तिथे भरलेल्या लाइनला मीटर बसवा.

आकडे गोळा कसे करायचे, यावर विक्रेते फार बोलतात, पण हा भाग तसा सोपा आहे. पॅनेलजवळच्या मीटरला आरएस-४८५ ची तार ओढा. कारखान्यात तारेइतकं भरवशाचं काही नाही. लांबच्या बोअरला किंवा फायर टाकीला लोरावॅन (कमी बॅटरीवर लांबपर्यंत जाणारी रेडिओ यंत्रणा) घ्या. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही आणि आवारात एका गेटवेत काम होतं. बिडाच्या झाकणाखालच्या चेंबरमधून मात्र कोणताही सिग्नल नीट बाहेर येत नाही. सेन्सर आत, ट्रान्समीटर आणि अँटेना बाहेर खांबावर, अशी अट ऑर्डरमध्ये लिहा. जून ते सप्टेंबर चेंबर पाण्याने भरलेलं असणार हे गृहीत धरून आतला भाग आयपी-६८ (पाण्यात बुडाला तरी चालणारा) घ्या आणि केबलची जोडणी चेंबरमध्ये करू देऊ नका. नोंद पंधरा मिनिटांनी एक पुरे. दर मिनिटाच्या नोंदीने बॅटरी लवकर संपते आणि ती नोंद कुणी पाहतही नाही.

आता ज्या ठिकाणी सेन्सर खरोखर पाणी वाचवतो तिकडे येतो. पहिली जागा कूलिंग टॉवर. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर ब्लोडाऊनचा कॉक थोडा उघडा ठेवून देतो आणि तो वर्षभर तसाच राहतो. वाहकतेवर चालणारा कंट्रोलर आणि मोटराइज्ड वाल्व्ह लावून सायकल ३ वरून ५ वर नेली की ब्लोडाऊन २३ वरून साडेअकरावर येतो. रोजचे साडेअकरा घनमीटर सुटले.

पण इथे एक सापळा आहे, आणि त्यात माणूस उन्हाळ्यात अडकतो. समजा एमआयडीसीच्या, म्हणजे धरणाच्या पाण्याची वाहकता ३०० मायक्रोसीमेन्स आहे म्हणून तुम्ही सेटिंग १५०० वर ठेवलं, सायकल ५. एप्रिलमध्ये एमआयडीसीचं पाणी कमी झालं आणि टॉवरला ९०० वाहकतेचं बोअरचं पाणी जायला लागलं. तोच १५०० चा आकडा आता १.७ सायकलचा होतो आणि ब्लोडाऊन जातो ६९ घनमीटरवर. ऐन टंचाईत कंट्रोलर गटारात पाणी सोडतो आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं. यावर उपाय असा की मेकअप आणि फिरणारं पाणी दोन्हींची वाहकता मोजायची आणि मर्यादा वाहकतेवरून न ठरवता कडकपणा (कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार) आणि सिलिका यांवरून ठरवायची. आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी जड असतंच, शिवाय त्यात सिलिकाही चांगलीच असू शकते. टॉवरमध्ये सिलिका लिटरला साधारण १५० मिलिग्रॅमपर्यंत चालते असं धरलं, तर मेकअपमध्ये ४० असताना पावणेचार सायकलच्या वर जाता येत नाही. सिलिकाचा थर साध्या ॲसिडने निघत नाही, म्हणून तिथे धाडस नको. त्यापेक्षा पाण्याची अदलाबदल करा: धरणाचं हलकं पाणी टॉवरला आणि आरओला, बोअरचं फ्लशला आणि बागेला. पाइपाच्या एका जोडणीने होणारं हे काम कुठलंही सॉफ्टवेअर सुचवत नाही.

दुसरी जागा आरओ. ६५ टक्क्यांवरून ७५ टक्के रिकव्हरीवर गेलात तर फीड ९८ वरून ८५ वर येते. पण ते सिलिका, कडकपणा आणि एसडीआय (पाण्यातला बारीक गाळ आरओ किती लवकर तुंबवेल याचं माप) पाहूनच करायचं. एसडीआय ५ च्या वर असेल तर आधी गाळणी सुधारा, नाहीतर मेंब्रेन (आरओचे गाळणारे पडदे) लवकर बाद होतील. इथे सॉफ्टवेअरचं काम खरं आहे, आणि ते म्हणजे तापमान व दाबाची दुरुस्ती करून प्रवाहाची तुलना करणं. पाणी एक अंश थंड झालं की आरओचं उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी घटतं. मे महिन्यात ३० अंशांचं पाणी जानेवारीत २० अंशांवर आलं की मेंब्रेन स्वच्छ असूनही पाव हिस्सा उत्पादन कमी दिसतं, आणि लोक उगाच केमिकल क्लीनिंग करून मेंब्रेन झिजवतात. उलट मेमध्ये गरम पाण्यामुळे खरा अडथळा झाकला जातो. दुरुस्त केलेला प्रवाह १० ते १५ टक्के घटला, किंवा दोन टोकांमधल्या दाबाचा फरक १५ टक्के वाढला, की क्लीनिंग करायचं. हे गणित एक्सेलमध्येही होतं.

तिसरी जागा पेंट शॉपचे रिन्स टँक, म्हणजे सुटे भाग खळबळून धुवायच्या टाक्या. पाणी शेवटच्या टाकीतून पहिल्याकडे, कामाच्या उलट दिशेने वाहतंय का ते पाहा. शेवटच्या टाकीत वाहकतेचा सेन्सर लावून पाणी गरजेपुरतंच सोडलं तर बचत होते, आणि ती दुप्पट मोलाची असते: आरओचं पाणी वाचतं आणि ईटीपीचा भारही घटतो.

एसटीपीच्या एअर ब्लोअरसाठी, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजून ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारी व्हीएफडी यंत्रणा कोटेशनमध्ये असेल. मोठ्या केंद्रांत ती लवकर पैसे परत करते, कारण तिथली निम्म्याहून अधिक वीज ब्लोअर खातात. ८० केएलडीच्या एसटीपीला मी नाही म्हणेन. सेन्सर दर आठवड्याला पुसावा लागतो. तो पुसला गेला नाही की आकडा घसरतो आणि ब्लोअर पूर्ण वेगाने धावत राहतो. पीएच इलेक्ट्रोडचंही तसंच: दोन आठवड्यांनी बफरमध्ये तपासणी आणि वर्ष-दीड वर्षात नवा. सेन्सर विकत घेताना ही माणसाची कामं शिफ्टच्या वेळापत्रकात कुठे बसणार, हे विचारून घ्या. ईटीपीच्या ऑनलाइन मॉनिटरिंगची अट तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात) आहे का तेही आधी पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ जास्त प्रदूषणकारी उद्योगप्रकारांना ते बंधनकारक केलं होतं. तुम्ही त्यात नसाल आणि कन्सेंटमध्येही अट नसेल, तर ईटीपीला पीएच आणि प्रवाह पुरे.

एआयबद्दल. तुमच्या आकाराच्या कारखान्यात त्याचा एक उपयोग मला पटतो: गेल्या काही आठवड्यांच्या त्याच वाराशी, त्याच शिफ्टशी आणि त्या दिवशीच्या उत्पादनाशी तुलना करून वेगळं काही दिसलं तर इशारा देणं. त्यासाठी निदान तीन महिन्यांचे स्वच्छ आकडे आणि रोजच्या उत्पादनाची नोंद लागते. दोन्ही नसतील तर पहिल्याच आठवड्यात शंभर इशारे येतील आणि दुसऱ्या आठवड्यात ऑपरेटर ते बंद करेल. दिवसाला दोनपेक्षा जास्त इशारे येणार नाहीत अशी मर्यादा ठेवून सुरुवात करा.

शहराच्या बाजूला काय चाललंय तेही पाहू, कारण उद्या ते तुमच्यापर्यंत येणार आहे. पुणे महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग करून प्रत्येक विभागात किती पाणी गेलं आणि मीटरांवर किती निघालं, हे ताडून पाहायचं अशी रचना आहे. तत्त्व तुमच्या १२ मीटरांचंच. अडचण अशी की पाणी ठरावीक वेळ येतं तेव्हा आधी पाइपातली हवा बाहेर पडते आणि यांत्रिक मीटर हवेवरही फिरतात. शिवाय प्रत्येक इमारतीला भूमिगत टाकी असल्यामुळे रात्रीच्या किमान प्रवाहावरून गळती कळत नाही. म्हणून २४ तास दाब आणि मीटर या दोन गोष्टी एकत्रच येतात. कराडजवळच्या मलकापूरने २४ तास पाणी आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर हे एकत्र करून दाखवलं, तेही एका लहान गावाने, याचं मला आजही अप्रूप वाटतं. दाबावर नियंत्रण हा तर सगळ्यात स्वस्त उपाय आहे. गळती दाबाबरोबर वाढते, प्लॅस्टिकच्या लाइनला तर दाबापेक्षाही वेगाने. तुमच्या आवारातही हेच लागू आहे: ओव्हरहेड टाकीखालच्या मजल्यांवर दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर एक प्रेशर रिड्युसिंग वाल्व्ह नळ, फ्लश आणि सांधे सगळ्यांचीच गळती कमी करतो.

‘डिजिटल ट्विन’ हा शब्द कोटेशनमध्ये दिसला तर घाबरू नका. जाळ्याचं संगणकीय प्रारूप आणि त्यात येणारे ताजे आकडे, इतकाच त्याचा अर्थ. त्यासाठीचं इपानेट हे सॉफ्टवेअर १९९३ पासून मोफत मिळतं. शहराला ते हवंच. २६० घनमीटरच्या कारखान्याला नको.

दुसरा मोठा प्रवाह म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी उद्योगांना देणं. नागपूरचं भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. पुण्यात जपानी अर्थसाहाय्याच्या जायका योजनेतून एकूण ३९६ एमएलडीची (रोज ३९६ दशलक्ष लिटर सांडपाण्याची) ११ केंद्रं उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. धरणाचं पाणी वाढणार नाही आणि शहर वाढतच राहणार, त्यामुळे उद्योगांच्या वाट्याला असं पाणी येईल असं मला वाटतं. तेव्हा अमोनिया, फॉस्फेट आणि जिवाणूंचा थर हे कूलिंग टॉवरचे नवे प्रश्न असतील. अमोनिया असेल तर तांब्याच्या नळ्या खातो. पुढचा कंडेन्सर बदलताना हे लक्षात ठेवा.

पिण्याच्या पाण्याची एक गोष्ट मात्र तुम्ही उद्यापासूनच करा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा पाण्यातल्या क्लोरीनकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तुमच्याकडे टँकरचं पाणी ११०० माणसांच्या कँटीनला जातं. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ऑनलाइन क्लोरीन सेन्सर चांगला असतो, पण त्याला स्थिर प्रवाह लागतो, पीएच ८ कडे गेला की तो कमी दाखवू शकतो आणि त्याचं मेंब्रेन वेळेवर बदलावं लागतं. प्रत्येक टँकर रिकामा करण्याआधी डीपीडी किटने (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या) एक चाचणी आणि रजिस्टरमध्ये नोंद, हे आज सुरू होऊ शकतं. कँटीनच्या शेवटच्या नळावरही रोज एकदा. सुरक्षा गार्डला दहा मिनिटांत शिकवता येतं.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. वर्गणी बंद केली तरी मीटर स्थानिक पॅनेलवर चालत राहिले पाहिजेत आणि जुने आकडे साध्या फाइलमध्ये तुमच्याकडे आले पाहिजेत. मीटर मॉडबससारख्या खुल्या भाषेत बोलले पाहिजेत, म्हणजे उद्या पुरवठादार बदलता येईल. आणि वाल्व्ह किंवा पंप क्लाउडवरून चालू-बंद होता कामा नयेत. बाहेर फक्त आकडे जावेत, आज्ञा आत येऊ नये. शेवटच्या रकमेचा मोठा भाग हिशेब सलग ३० दिवस पाच टक्क्यांत जुळल्यावरच द्या. ही अट टाकली की कोटेशनमधले अनेक सेन्सर पुरवठादार स्वतःच काढून टाकतो.

आता २५ टक्के, म्हणजे ६५ घनमीटर. कूलिंग टॉवरमधून साडेअकरा, आरओच्या रिकव्हरीतून १३, हरवलेल्या ४३ पैकी जवळपास निम्मे मिळाले तर २०, एसटीपीचं पाणी फ्लशला दिलं तर माणशी १८ लिटर धरून आणखी २०. बेरीज साडेचौसष्ट. रिन्सची बचत वेगळी. म्हणजे लक्ष्य गाठता येण्यासारखं आहे, पण फ्लशची वेगळी लाइन नसेल तर त्यातले २० पहिल्या वर्षी धरू नका. एसटीपीचं पाणी फ्लशला देण्याआधी त्याला क्लोरीन किंवा यूव्ही लागेल, आणि त्या पाइपाला वेगळा रंग द्या.

पुढे नेमकं सांगता यावं म्हणून मला तीन गोष्टी हव्यात: दोन्ही बोअरचा सिलिका आणि एकूण कडकपणाचा रिपोर्ट, आरओचा रिजेक्ट सध्या कुठे जातो, आणि येत्या सुट्टीच्या दिवशीच्या टाकीच्या चाचणीचे आकडे, चार तासांचे दोन्ही. जॉकी पंपावर काउंटर बसवलात तर २४ तासांची मोजणीही टाका. कोटेशनची मुदत संपत असेल तर पुरवठादाराला सध्या १२ ठिकाणच्या मीटरचे दर, अर्थिंग रिंग आणि रिड्यूसरसह, वेगळे मागवा.